रिकाम्या रकान्यावर खटला चालत नाही

आईच्या बँकेवर छापा पडला तेव्हा चोवीस अधिकारी आले, आणि आत उभं राहायला जागा नसल्यामुळे त्यातले अकरा फूटपाथवर थांबले. बँक आहेच तेवढी. दोन खिडक्या, एक बाक, पाण्याचं एक पिंप आणि आतल्या बाजूला व्यवस्थापकाचं, म्हणजे आईचं, टेबल. मी शाळेतून थेट तिथे गेले होते, कारण सहलीच्या अर्जावर पालकांची सही हवी होती. आई पेन उचलणार तेवढ्यात एक अधिकारी म्हणाला, "बाई, आता कशावरही सही करू नका." माझी सहल तिथेच बोंबलली.

मग ते प्रत्येक वस्तूवर आकड्यांच्या चिठ्ठ्या डकवायला लागले. कपाट, पुरावा क्रमांक एक. टेबल, क्रमांक दोन. बाकावर एक आजोबा पासबुक घेऊन बसले होते. त्यांना म्हणाले, "उठा, तुम्ही पुरावा क्रमांक सातवर बसलाय." आजोबांना कमी ऐकू येतं. ते म्हणाले, "सात नाही, माझा नंबर चौथा आहे," आणि जागचे हलले नाहीत. शेवटी चिठ्ठी त्यांच्या पायाशी चिकटवली.

हे सगळं कशासाठी, ते आधी सांगते. नाहीतर तुम्हाला वाटेल आईने तिजोरी फोडली.

त्याआधीच्या वर्षी बाजार कोसळला. का कोसळला हे आम्हाला शाळेत तीन तासिका शिकवलं, पण माझ्या भाषेत एवढंच: मोठमोठ्या बँकांनी दिसेल त्याला घरासाठी कर्ज दिलं. फेडणार का, कशातून फेडणार, काही विचारलं नाही. मग त्या कर्जांचे गठ्ठे बांधून, वर छान कागद लावून, दुसऱ्यांना विकले. गठ्ठे उघडल्यावर आत भुसा निघाला. लोकांची घरं गेली, नोकऱ्या गेल्या, आणि बँका बुडायला लागल्या तेव्हा सरकारने त्यांना हात देऊन वर काढलं. त्यातली सगळ्यात मोठी बँक आमच्याच शहरात आहे. बत्तीस मजले, सगळी काच. आम्ही तिला काचेची बँक म्हणतो. तिथे माझा काका नोकरीला आहे, म्हणजे बाबांचा धाकटा भाऊ.

आता लोक विचारायला लागले की एवढं सगळं झालं तर पकडलं कुणाला. चोर सोडून संन्याशाला फाशी ही म्हण मी पाचवीत पाठ केली होती, पण संन्यासी नेमका कसा निवडतात ते तेव्हा कळलं. ज्याचा पत्ता सोपा असतो, तो.

आईचा गुन्हा असा. सरकारने ठरवून दिलेल्या कर्जाच्या अर्जात एक रकाना असतो: अर्जदार जिथे काम करतो तिथल्या वरिष्ठाची सही. अमुक माणूस महिन्याला इतकं कमावतो, हे त्या वरिष्ठाने लिहून द्यायचं. आईच्या बँकेत येणारी माणसं म्हणजे किल्ल्या बनवणारा, सायकल दुरुस्त करणारा, जुन्या खुर्च्या विणणारा. त्यांना वरिष्ठ कुठून आणायचा? वरती फक्त छत.

मग आईने स्वतःची पद्धत काढली. कुणी कर्ज मागितलं की ती घडीचं स्टूल घेऊन लागोपाठ दोन मंगळवार त्याच्या दुकानासमोर बसायची. किती गिऱ्हाइकं आली, किती नुसती भाव विचारून गेली, उधारी किती, सगळं वहीत टिपायची. लहानपणी मला वाटायचं सगळ्यांच्या आया मंगळवारी रस्त्यावर बसतात. तिसऱ्या मंगळवारी ती त्या माणसाच्या घरी जायची आणि या कमाईचा खरा आकडा घरात कुणाला ठाऊक आहे ते शोधायची. जवळजवळ नेहमी ती बायको असायची, नाहीतर आई, एकदा तर सासू. तिच्याशी आकडा ताडून पाहायची, आणि जुळला की वरिष्ठाच्या रकान्यात तिची सही घ्यायची. अशा एक्केचाळीस सह्या. अशी एक्केचाळीस कर्जं. चाळीस फिटली, एक फिटत आलं होतं.

तपासवाल्यांनी त्याला नाव दिलं 'बनावट दस्तऐवजांची साखळी'. मी वर्तमानपत्रात वाचलं तेव्हा मलाच माझ्या आईची भीती वाटली.

काचेच्या बँकेचीही चौकशी झाली, नाही असं नाही. तिथे चौकशीला गेलेल्यांना एकतिसाव्या मजल्यावर कॉफी दिली. मग त्यांनी आणि सरकारने बसून तडजोड केली. बँकेने गुन्हा कबूल करायचा नाही, पण एक रक्कम भरायची, आणि पुढची दोन वर्षं शाळाशाळांतून मुलांना पैशाच्या व्यवहारातला प्रामाणिकपणा शिकवायचा. ती रक्कम म्हणजे बँकेची दोन दिवसांची मिळकत, हे काकाच एकदा आमच्याकडे बोलता बोलता बोलून गेला. आणि प्रामाणिकपणा शिकवायला त्यांनी जो सचोटी विभाग उघडला, त्याचा प्रमुख झाला काका. पगारवाढीसकट.

छाप्यानंतर दोन महिन्यांनी सचोटी विभाग आमच्या शाळेत आला.

सभागृहात सहावीपासून दहावीपर्यंतच्या सगळ्या वर्गांना बसवलं होतं. प्रत्येकाला एक पेन फुकट. काका निळ्या सुटात, मागे पडद्यावर हसणाऱ्या नाण्याचं चित्र. "मुलांनो," तो म्हणाला, "विश्वास हेच खरं भांडवल." माझ्या शेजारची मैत्रीण कुजबुजली, "तुझा काका ना हा? चांगला दिसतो." मी म्हटलं, "दिसतो."

गेल्या वर्षापर्यंत मी हजेरी देतानाही लाल व्हायचे. या वर्षी वादविवादात एकदा पहिली आले, आणि तेव्हापासून माझा हात खाली राहतच नाही. प्रश्न आहेत का, असं बाईंनी विचारायच्या आधीच तो वर गेला. काकाने मला पाहिलं आणि मुद्दाम दुसऱ्या टोकाला बघायला लागला. पण त्या टोकाला कुणाचाच हात वर नव्हता.

"सर," मी म्हणाले. घरी मी त्याला 'ए काका' म्हणते. "कर्जाच्या अर्जात वरिष्ठाच्या सहीचा रकाना असतो. तो तुमच्या बँकेत कोण भरायचं?"

"चांगला प्रश्न आहे," काका म्हणाला. असं म्हणणाऱ्याकडे उत्तर नसतं. "त्या काळात कामाचा वेग फार होता. दिवसाला हजार अर्ज यायचे. काही गोष्टी राहून जायच्या."

"म्हणजे रिकामा?"

"तांत्रिकदृष्ट्या, हो, रिकामा."

"सगळ्या अर्जांत?"

"बऱ्याचशा."

"मग त्यासाठी किती जणांवर खटला झाला?"

तो हसला. मुलांना समजावतात तसं प्रेमाने म्हणाला, "अगं, रिकाम्या रकान्यावर खटला कसा चालेल? खोटं ठरवायला आधी काहीतरी लिहिलेलं लागतं ना."

सभागृह खदखदून हसलं. काकाला वाटलं आपला विनोद जमला. मग दहावीच्या रांगेतून कुणीतरी म्हणालं, "म्हणजे गणिताचा पेपर कोरा दिला की नापास नाही," आणि मुख्याध्यापिकाबाई घाईघाईने आभार मानायला उठल्या.

संध्याकाळी काका आमच्या घरी हजर. हातात उरलेल्या पेनांचं खोकं. बाबा जेवणाच्या टेबलावर चष्म्याच्या दांड्या सरळ करत बसले होते. त्यांचं चष्म्याचं दुकान आहे आणि ते काम घरी आणतात, बहुतेक बोलायला लागू नये म्हणून.

"दादा, तुझ्या मुलीने आज माझी पार शोभा केली."

"हं," बाबा म्हणाले.

"लहान तोंडी मोठा घास. मी काय तिचा शत्रू आहे?"

"तिने प्रश्न विचारला. तू उत्तर दिलंस," बाबा म्हणाले आणि एक दांडी डोळ्यांपुढे धरून बघितली. "उत्तर वाकडं निघालं, त्याला ती काय करणार?"

आई आतून आली. तिच्या हातात पिवळं पाकीट होतं. दुपारी तिच्या वकीलबाई स्कूटरवरून येऊन देऊन गेल्या होत्या. सरकारी वकिलांचा प्रस्ताव. आईने सोमवारपर्यंत गुन्हा कबूल केला तर तुरुंग नाही, फक्त दंड, आणि पुन्हा कधीही कुठल्याही बँकेत काम करायचं नाही. नाही केला तर खटला, आणि हरली तर तीन वर्षांपर्यंत कैद.

काकाने वाचलं आणि खुर्ची पुढे ओढली. "वहिनी, डोळे मिटून सही करा. मी या धंद्यात आहे म्हणून सांगतो. यांना कुणीतरी एक हवंय. मिळालं की शांत होतील."

"भावोजी, तुमच्याकडे बत्तीस मजले आहेत. एकही मिळाला नाही?"

"आमच्याकडे निर्णय कुणा एकाचा नसतोच, वहिनी. समिती असते. समितीला बेड्या कशा घालणार? तुमचं चुकलं काय, तर तुम्ही स्वतः गेलात, स्वतः पाहिलंत, स्वतः लिहिलंत. आता कुणाकडे बोट दाखवणार? पुढच्या वेळी सरळ रिकामं सोडा."

"पुढच्या वेळी मी बँकेत नसेन, असं इथे लिहिलंय."

"तेही खरंच," काका म्हणाला, आणि पेनांचं खोकं टेबलावर विसरून गेला. बाबांनी ते उचलून कचऱ्याच्या डब्याशेजारी ठेवलं. डब्यात टाकणं त्यांच्या स्वभावात नाही.

काका असेपर्यंत मी नुसती पेटले होते. लढायचं, कोर्टात दाखवून द्यायचं, वगैरे वगैरे. तो गेल्यावर मी ते पाकीट उघडलं आणि पहिल्यांदा स्वतः वाचलं. 'तीन वर्षांपर्यंत' हे शब्द छापलेले पाहणं वेगळं असतं. तीन वर्षांत माझी शाळा संपणार, त्यापुढची दोन वर्षंही संपणार. रोज सकाळी माझ्या मागे 'डबा घेतलास का' म्हणून ओरडायला बाबा, जे ओरडत नाहीत. वादविवादातला माझा सगळा शहाणपणा पोटात जाऊन बसला.

आई भांडी पुसत होती. मी म्हटलं, "आई, कर ना सही."

"आत्ता तर काकाला फाडून खात होतीस."

"काकाला कुणी तुरुंगात टाकणार नाहीये."

तिने हात पुसले, माझ्याकडून कागद घेतला आणि चौथं पान उघडून पुढे धरलं. "हे वाचलंस?"

मी तिथपर्यंत गेलेच नव्हते. वर लिहिलं होतं, 'खालील व्यक्तींच्या संगनमताने'. खाली एक्केचाळीस नावं. किल्लीवाल्याची बायको. सायकलवाल्याची म्हातारी आई. खुर्च्या विणणाऱ्याची सासू, जिला दिसत नाही म्हणून बाबांनी फुकट चष्मा करून दिला होता, तीही संगनमतात.

"मी सही केली की मी सुटले," आई म्हणाली. "आणि या एक्केचाळीस जणी कायमच्या खोटारड्या. उद्या घर भाड्याने घ्यायला जातील, पोरांना नोकरी लागायची असेल, कुणीतरी हे पान काढून दाखवेल. त्यांना कुणी विचारलंय, बायांनो, तुम्ही खोटं बोललात का?"

"तुला भीती नाही वाटत?"

"नाही कशी? तुला काय वाटलं, तुझी आई लोखंडाची आहे? दुपारपासून भाजीत मीठ किती टाकलं ते कळत नाहीये." मग कागद पाकिटात घालत म्हणाली, "खारट होती का?"

"होती."

"बोलायचं ना मग. बाहेर एवढी बोलतेस."

सोमवारी तिने पाकीट तसंच परत पाठवलं. वकीलबाईंनी हेल्मेट घालता घालता विचारलं, "नक्की ना?" आई म्हणाली, "निघा लवकर, नाहीतर विचार बदलेल."

खटला चौदा महिने चालला. त्या काळात बँकेची एक खिडकी बंद झाली, कारण गिऱ्हाइकं कमी झाली. लोकांना आईवर भरवसा होता, पण ज्या बँकेच्या बाकावर पुराव्याची चिठ्ठी आहे तिथे पैसे ठेवायला भरवसा पुरत नाही. काचेच्या बँकेने त्याच वर्षी आमच्या चौकात शाखा उघडली. बाहेर फुगे लावले होते.

किल्लीवाली मावशी साक्षीला उभी राहिली त्या दिवशी मी शाळा बुडवली. कोर्टाची ती खोली आमच्या वर्गाएवढीच होती. सरकारी वकिलांचे बूट इतके चकचकीत की त्यांत ट्यूबलाइट दिसत होती. मावशीला त्यांनीच बोलावलं होतं, सही तिची आहे हे तिच्या तोंडून वदवून घ्यायला.

"ही सही तुमची?"

"माझीच. 'ल' जरा वाकडा आलाय. टेबल हलत होतं."

"इथे लिहिलंय, वरिष्ठाची सही. तुम्ही तुमच्या पतीच्या वरिष्ठ आहात का?"

"बावीस वर्षं झाली."

मागच्या बाकावर किल्लीवाला बसला होता. सगळे वळून त्याच्याकडे बघायला लागले. त्याने निमूट मान हलवली. न्यायाधीशबाईंनी टेबलावर टकटक केलं, पण दुसरा हात तोंडावर ठेवून.

"मी कायदेशीरपणे विचारतोय," सरकारी वकील म्हणाले. "त्यांच्या कमाईबद्दल लिहून देण्याचा तुम्हाला काय अधिकार?"

"साहेब, अधिकाराचं मला कळत नाही. दिवसाला किती किल्ल्या कापल्या ते कळतं. किती वाकड्या कापल्या तेही कळतं, कारण तो पत्रा मीच विकत आणते. शाळांची सुट्टी संपली की किल्ल्या जास्त हरवतात, तेव्हा कमाई बरी असते. मधले दोन महिने मंदी. कर्ज घेतलं त्या वर्षी खर्च जाऊन महिन्याला सरासरी नऊ हजार चारशे पडत होते. त्या बाई दोन मंगळवार आमच्यासमोर बसल्या. त्यांचा आकडा आला नऊ हजार साडेतीनशे. पन्नासावरून आम्ही अर्धा तास भांडलो. शेवटी त्यांचा आकडा लिहिला, कारण माझा चहा निवला होता."

न्यायाधीशबाईंनी अर्ज उघडला. नऊ हजार साडेतीनशे.

"कर्ज फिटलं?" त्यांनी विचारलं.

"दोन महिने आधीच."

"फेडणं हा बचाव होऊ शकत नाही," सरकारी वकील म्हणाले.

"मान्य. पण मला एक सांगा," न्यायाधीशबाई म्हणाल्या. "सही हिची आहे. आकडा बरोबर आहे. यात खोटं काय आहे?"

"रकाना, न्यायाधीश महोदया. रकान्याच्या दृष्टीने ती खोटी आहे."

"आणि हा रकाना रिकामा असता तर?"

वकिलांनी बुटांकडे बघितलं. "तर हे प्रकरण आमच्याकडे आलंच नसतं."

मी पुढच्या बाकावरून वाकून आईकडे बघितलं. आईने मागे वळून पाहिलं नाही. तिची मान तेवढी दिसत होती, आणि मानेवरचा घाम.

निकाल तीन आठवड्यांनी लागला. बनावट कागदपत्रांच्या आरोपातून आई निर्दोष. चौथ्या पानावरच्या एक्केचाळीस जणींनी जे लिहिलं ते खरं होतं, असं निकालात एक अख्खं वाक्य आहे. मी ते वहीत उतरवून घेतलंय. फक्त रकाना चुकीच्या पद्धतीने भरल्याबद्दल बँकेला दंड झाला. तो आईच्या बँकेच्या दोन महिन्यांच्या मिळकतीएवढा होता. दोन दिवसांच्या नाही.

बाहेर जिन्याजवळ गर्दी झाली होती. एक्केचाळीसपैकी सव्वीस जणी आल्या होत्या, बाकीच्यांना दुकान सोडता आलं नव्हतं. बाबा प्रत्येकीला 'पाणी हवंय का' विचारत होते, जसं काही लग्नच आहे. आई भिंतीला टेकून उभी होती. तिचे पाय थरथरत होते, आणि ते कुणाला दिसू नये म्हणून मी तिच्यापुढे दप्तर धरून उभी राहिले.

सरकारी वकील फाइली काखेत मारून बाहेर आले. आईसमोर थांबले. "बाई, यात वैयक्तिक काही नव्हतं."

"मला चौदा महिने फार वैयक्तिक वाटलं," आई म्हणाली.

"तसं नाही. संकट एवढं मोठं आलं, कुणावर तरी खटला चालवणं भाग होतं. लोक विचारत होते."

"काचेच्या बँकेवर का नाही चालवला?" हे मी विचारलं, अर्थातच.

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. मला वाटलं झिडकारतील. पण ते दमलेले दिसत होते, आणि दमलेली माणसं कधीकधी खरं बोलतात. "त्यांच्याकडे तीनशे वकील आहेत," ते म्हणाले. "आमच्या खात्यात आम्ही सहा. तुमच्या आईकडे एक होत्या, त्याही स्कूटरवर."

"त्या एकीने हरवलं तुम्हाला," मी म्हणाले.

"हो," ते म्हणाले. "ते वरच्यांना कसं सांगायचं, तोच विचार चाललाय. ते म्हणतील अपील करा."

आईचे पाय थरथरायचे थांबले होते. तिने मला बाजूला सारलं. "करा," ती म्हणाली. "माझ्या बाजूच्या साक्षीदार तयार आहेत."

मागून किल्लीवाली मावशी पुढे आली आणि सरकारी वकिलांच्या काखेतल्या फाइलीवर बोटाने टकटक केलं.

"पण साहेब, या वेळी तारीख दुपारनंतरची द्या. सकाळी गिऱ्हाईक असतं."